पहिलं पातं विळ्याचंच

घरी पाती घडवायला शिकायचं ठरवलं तेव्हा अनेकांनी विचारलं, तलवार करणार का? प्रश्न साहजिक होता. आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने दक्षिणेला निघालं की साधारण ऐंशी किलोमीटरवर निर्मल लागतं. त्या परिसरातलं लोहखनिज गोदावरीपलीकडे निजामाबादच्या कोनासमुद्रमला जाई. तिथं मातीच्या बंद मुशीत पोलाद होई आणि ते विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या नावानं जगभर गाजलेल्या पात्यांचं पोलाद या पट्ट्यातूनही गेलं. भूगर्भतज्ज्ञ हेन्री वॉयसी यांनी हे काम पाहून लिहिलेलं वर्णन १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. ते वाचूनच माझ्या डोक्यात हे शिरलं होतं.

पण मुशीचं ते पोलाद नवशिक्याच्या हातचं नाही. त्यात कार्बन साधारण एक ते दोन टक्के असतो. उष्णता जरा जास्त झाली की घणाखाली त्याचा भुगा होतो. मी शिकवतो त्या आदिलाबादच्या बेला मंडलात सगळीकडे कापूस, तूर, सोयाबीन. इथं पातं म्हणजे विळा, खुरपं, वखराची पास. म्हणून गावातल्या लोहारकाकांकडे गेलो आणि विळा करायचा आहे, असं सांगितलं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, “मास्तर, विळा कोणासाठी? उजव्या हाताचा का डाव्या?”

विळ्याला उतार एकाच बाजूनं देतात. उजव्या हाताचा विळा डावरी बाई धरू लागली तर तो गवतात नीट शिरत नाही. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या मावशी उजव्या हाताच्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, “हलका पाह्यजे, अन् टोक बारीक. पऱ्हाटीच्या बुडाशी जाते असा.” माझा आराखडा तिथंच झाला.

सामान फार लागलं नाही. जुन्या घमेल्यात माती आणि राख कालवून थापली, मधे खळगा ठेवला, खालून भोकं पाडलेली लोखंडी नळी आणली आणि तिला केस वाळवायचं यंत्र जोडलं. काकांकडे अजून हातानं फिरवायचा भाता आहे, आणि तो चांगला, कारण वारा हवा तेवढाच देता येतो. कोळसा बाभळीचा. ऐरणीसाठी लोक रुळाचा तुकडा सुचवतात, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मी घणाचं जड डोकं लाकडाच्या ओंडक्यात पक्कं बसवलं. एवढ्याशा विळ्याला ते पुरतं. पोलाद भंगारातलं, ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. ते घडवायला सोसतं आणि धारही धरतं. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. अंगात सुती कपडे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

काम सावलीत करायचं, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही आणि रंग कळला नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ. नारिंगी झालं की मारायचं, लाली उतरू लागली की परत भट्टीत. “काळ्या पडलेल्या लोखंडावर मारू नोका,” काका म्हणत, “तडा आतून जाते, दिसत नाही.” मला वाटत होतं की घडवणं म्हणजे दंडाचा जोर. खरं तर बहुतेक वेळ विस्तवाकडे पाहण्यात जातो.

विळ्यात एक गंमत आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडली. धार आतल्या बाजूला असते. ती बाजू ठोकून पातळ केली की तिची लांबी वाढते आणि पातं सरळ होऊ लागतं. म्हणून आधीच हवा त्याहून जास्त बाक द्यायचा. धार ठोकता ठोकता तो उलगडत बरोबर जागेवर येतो. काका कुठलंही माप न घेता हे करतात. त्यांचा हात पाहत बसणं हेच माझं शिक्षण झालं.

घडवून झालं की पातं तापवून हवेत निवू द्यायचं, असं तीनदा. त्यानं ठोकण्याचा ताण निघतो. मग कानशीनं घासायचं, पण धार जाड ठेवायची, कारण पातळ कड पाणी देताना वाकते किंवा फुटते. पाणी देण्यासाठी चुंबक कामी येतं. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून किंचित पुढं नेऊन तेलात बुडवायचं. या पाट्याला खरं पाणी सोसत नाही, तडकतो. मी सरकीचं तेल कोमट करून लोखंडी डब्यात घेतलं, झाकण हाताशी ठेवलं; तेल भडकलं तर झाकायला. बाहेर काढलेल्या पात्यावरून कानस काचेवरून सरकावी तशी घसरली. अशा पात्याची कड दगडावर आपटली तर तुटेल. म्हणून स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्टीत साधारण २२० अंशांवर दोन तास ठेवलं, रंग गव्हाळ आला. काका हेच पाठीत उरलेल्या उबेवर करतात: फक्त धार बुडवतात, ऊब धारेकडे परतताना रंग पाहतात आणि नेमक्या वेळी सगळं पातं विझवतात.

शेपूट तापवून बाभळीच्या मुठीत जाळत बसवलं. मावशींनी विळा हातात तोलला आणि काही न बोलता तासाला लागल्या. संध्याकाळी त्यांनी तो मला परत दिला नाही, आपल्या टोपल्यात टाकला.

कुणाला सुरुवात करायची असेल तर घरगुती आणि शेतीच्या अवजारांपासूनच करावी. त्या वापराखेरीजच्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र नियमांत मोडतात. शिकायला आपल्या गावच्या लोहाराकडे जावं, पण दिवाळीनंतर. मृगाच्या तोंडावर वखराच्या पाशी घेऊन अख्खं गाव त्याच्या दारात असतं, तेव्हा त्याला अडवू नये. आणि शिकवल्याचे पैसे त्यानं मागितले नाहीत तरी द्यावेत.