सोलापुरातल्या घरासाठी रेडिओ

सोलापूर

चि. केतकीस,


घरात ऐकायला रेडिओ घ्यायचा तर आधी स्टेशने पाहावीत, संच नंतर. घरातल्या माणसाला काय ऐकायचे आहे आणि ते त्या गावात कोणत्या लहरींवर येते, एवढे ठरले की दुकानातले निम्मे संच आपोआप बाद होतात. सोलापुरात आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र आहे आणि ते एफएमवर 103.4 मेगाहर्ट्झला लागते. खाजगी एफएम स्टेशनेही शहरात ऐकू येतात. मात्र त्यांना भारतात स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. बातम्या, हवामान, शेतीविषयक कार्यक्रम हवे असणाऱ्याचा काटा शेवटी आकाशवाणीवरच येऊन थांबतो. म्हणून सोलापुरातल्या घरासाठी एफएम हा पहिला बँड. ज्या संचाला तो नाही, तो कितीही देखणा असो, घेऊ नये.

दुसरा बँड मध्यम लहरींचा, म्हणजे संचावर एमडब्ल्यू किंवा एएम लिहिलेला. त्याच्याबद्दल हल्ली दुकानदारच नाक मुरडतात आणि त्यात तथ्य आहे. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची बरीच प्रक्षेपणे बंद केली किंवा एफएमवर आणली. सोलापूर केंद्राचे जुने स्थान 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे पट्टीच्या अगदी उजव्या टोकाला होते. जुन्या संचांचा काटा तिथे जाऊन अडायचा. तरीही सोलापूरसारख्या गावात हा बँड सोडून देण्याची घाई नको. शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड आहे आणि मराठी तर सगळीकडेच. या शहराच्या कानाला एका भाषेवर भागत नाही. मध्यम लहरींवर पुणे 792, सांगली 1251, कलबुर्गी 1107, हैदराबाद 738 आणि मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झ अशी स्थाने पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. जुन्या यादीवर विसंबून न राहता यांपैकी कोणते घरी लागते ते एकदा दिवसा आणि एकदा रात्री फिरवून पाहावे.

दिवसा आणि रात्री असे दोनदा कशासाठी, त्याचे कारण आकाशात आहे. आयनांबराचा खालचा थर उन्हात तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. दुपारी जिथे नुसती खरखर असते तिथे रात्री मुंबई-हैदराबाद स्वच्छ येऊ शकते, आणि एकाच जागी दोन स्टेशने एकमेकांवर बोलूही लागतात. एफएमच्या लहरी असे काही करत नाहीत. त्या साधारण सरळ रेषेत जातात आणि मनोऱ्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे विरळ होतात. शहरात 103.4 खणखणीत वाजणारा संच जिल्ह्याच्या टोकाच्या गावात कुजबुजू लागला, तर दोष संचाचा असेलच असे नाही.

लघुलहरींचा तिसरा बँड, एसडब्ल्यू, आता बहुतेक घरांना नको. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्याच्या काळात, म्हणजे 1952 नंतरची कित्येक वर्षे, त्या बँडवाचून रेडिओला रेडिओ म्हणत नसत. तो काळ गेला; बीबीसीची हिंदी लघुलहर सेवाही 31 जानेवारी 2020 ला थांबली. दूरची स्टेशने धरण्याचा छंद असेल त्याने एसडब्ल्यू जरूर घ्यावा. सकाळच्या बातम्या ऐकणाऱ्याला त्या बँडचा उपयोग एवढाच की खटका चुकून तिकडे सरकला की रेडिओ बिघडला असे वाटते.

अमेरिकेहून कुणी सामानात घालून आणलेल्या संचाबद्दलही इथेच सांगितले पाहिजे. काट्याचा संच असेल तर अडचण नाही, कारण काटा कुठेही थांबतो. आकडे दाखवणारा डिजिटल संच मात्र ठरावीक पायऱ्यांनी चालतो. अमेरिकेत एफएमची स्थाने 103.3, 103.5 अशी विषम दशांशावर असतात. केवळ तिथल्यासाठी बांधलेला संच 103.4 वर थांबतच नाही, अलीकडे किंवा पलीकडे उभा राहतो आणि आवाज फाटतो. मध्यम लहरींत तिथली पायरी 10 किलोहर्ट्झची आणि भारतातली 9 ची. 792 हा आकडा नऊने भागला जातो, दहाने जात नाही. पायरी बदलण्याची सोय असलेले संचही मिळतात. ती सोय आहे की नाही हे खोक्यावर आधी वाचावे. जपानी संचाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथला एफएम बँड 76 पासून सुरू होतो आणि फक्त तिथल्यासाठी केलेला संच 108 पर्यंत पोचतच नाही.

एरिअल दोन असतात आणि त्यांचे काम वेगळे असते, हे माहीत नसल्यामुळे बरेच चांगले संच नाहक बदनाम होतात. बाहेर ओढून काढायची चकचकीत दांडी फक्त एफएमची (आणि लघुलहरींची). एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब असते, तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाऊण मीटरची दांडी उत्तम. घरगुती संचावर ती त्याहून बरीच आखूड असते, पण शहरात तेवढी पुरते. मध्यम लहरींचे एरिअल संचाच्या पोटात असते. फेराइटच्या काळ्या कांडीवर तार गुंडाळलेली. तिला दिशा असते, म्हणून मध्यम लहरींवर दांडी हलवून काही होत नाही, अख्खा संच फिरवावा लागतो. संच जेवढा आडवा-लांब, तेवढी आत कांडी लांब बसते आणि दूरचे स्टेशन धरण्याची ताकद वाढते. खिशात मावणारा संच याच कारणाने रात्रीच्या कलबुर्गीला कमी पडतो.

घराच्या बांधणीचाही यात हात असतो. जुन्या माळवदाच्या घरात भिंती जाड असल्या तरी त्यात लोखंड नसते. जुळे सोलापूर भागातल्या नव्या इमारतींत स्लॅब आणि खांब सळयांनी भरलेले असतात, आणि गिरणगावातल्या जुन्या चाळींवर किंवा यंत्रमाग कारखान्यांवर पत्रे असतात. पत्र्याखाली लहरी अडतात. संच दारात किंवा खिडकीत ठेवला की तोच आवाज उजळतो. मध्यम लहरींचे आणखी एक दुखणे म्हणजे घरातली वीज. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, मोटारी हे सगळे त्या बँडवर गुरगुरतात. एफएमला त्याचा त्रास फार कमी, कारण त्यात आवाज लहरीच्या उंचीवर नसून तिच्या कंपनसंख्येच्या चढउतारावर बांधलेला असतो. बाजूच्या कारखान्यात माग चालू असतानाही एफएम ऐकता येते. मागांचा खडखडाट कानाला होतो तेवढाच.

विजेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि खरेदी करताना तोच सर्वांत कमी पाहिला जातो. रेडिओ सेलवर चालतो म्हणून तर तो घ्यायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाचे धक्के सोलापुरातही जाणवले होते. अशा वेळी वीज आणि टेलिफोन यांचा भरवसा नसतो आणि ज्याच्या घरी सेल भरलेला संच असतो त्याला बाहेर काय चालले आहे ते कळते. भारनियमनाच्या वर्षांत याच कारणाने रेडिओला पुन्हा मान आला होता. आज मोबाइल आहे, पण मोबाइलला मनोरा लागतो आणि मनोऱ्याला वीज.

साधा दोन बँडचा संच मध्यम आवाजात साधारण 30 ते 40 मिलिअँपिअर वीज ओढतो. विजेरीत घालतात ते मोठे सेल, साधे झिंक-कार्बनचे, अशा हलक्या कामाला ढोबळमानाने 4,000 ते 5,000 मिलिअँपिअर-तास देतात. रोज तीन तास ऐकले तर महिनाभर निर्धास्त. त्याच जातीचे पेन्सिल सेल सात-आठशेच्या आसपास, म्हणजे आठवड्यात संपतात. अल्कलाइन पेन्सिल सेल दोन हजारांच्या पुढे जातात, किंमतही त्याच मापाने जाते. घरात एका जागी ठेवायच्या संचाला म्हणून मोठे दोन सेल उत्तम. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांनाही बसवता येतात, आणि बारक्या सेलांसारखे कुठे घरंगळून हरवत नाहीत. संच जड होतो, पण घरातला रेडिओ स्वयंपाकघरातून ओट्यावर आणि तिथून अंगणात, यापलीकडे प्रवास करत नाही.

पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइडचे सेल वापरायचे असतील तर एक हिशेब ध्यानात घ्यावा. त्यांचा दाब 1.5 ऐवजी 1.2 व्होल्ट असतो. चार सेलांचा संच सहाच्या जागी 4.8 वर चालवावा लागतो. बहुतेक संच चालतात, पण काही संच सेलमध्ये जीव असतानाच बसक्या आवाजात बोलू लागतात.

आतच लिथियम बॅटरी असलेले आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारे छोटे संच सध्या सर्वांत जास्त विकले जातात. त्यांना पुरते वाईट म्हणता येणार नाही. जुन्या साध्या मोबाइलची चपटी बॅटरी ज्यात बसते तो प्रकार बरा, कारण ती बॅटरी मोबाइलच्या दुकानात आजही मिळते आणि नखाने काढून बदलता येते. बॅटरी आत डकवून टाकलेली असेल तर ती जितकी वर्षे टिकेल तितकेच त्या संचाचे आयुष्य. सोलापूरचा मे महिना 43-44 अंशांचा असतो आणि पत्र्याखाली त्याहून वाईट. लिथियम बॅटरीला उष्णतेइतके वावडे दुसऱ्या कशाचे नाही. शिवाय वीज दोन दिवस गेली तर चार्ज करायचे कशावर? ज्या प्रसंगासाठी संच घेतला त्याच प्रसंगी तो गप्प.

भिंतीतल्या विजेवरही चालणारा संच घेणे शहाणपणाचे, सेल वाचतात. वेगळ्या अॅडॉप्टरपेक्षा आतच रोहित्र असलेला, नुसती वायर लावायचा संच बरा. वेगळा अॅडॉप्टर बिघडला की लोक हाताला येईल तो जोडतात, आणि पिनचे मधले टोक धन की ऋण हे संचागणिक वेगळे असते. इथे अमेरिकन संचाची आणखी एक पंचाईत होते, तिथली वीज 120 व्होल्टची आणि इथली 230 ची.

स्पीकर किमान आठ सेंटिमीटर व्यासाचा असावा. खोक्यावर वॅटचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांतले ‘पीएमपीओ’ नावाचे आकडे निव्वळ जाहिरात. खोलीभर बोलणे ऐकू यायला पाव-अर्धा वॅट पुरतो. बासचे बटण बातम्या ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. वयस्कर कानाला खर्जापेक्षा वरचे सूर लागतात, शब्द तिथे कळतात.

बटणांबद्दल मतभेद संभवतात, पण घरातल्या संचाला आवाजाचे गोल बटण आणि काट्याचे गोल बटण अशी दोनच असावीत, हे मत अनुभवाला धरून आहे. आवाजाच्या बटणातच चालू-बंदचा खटका असेल तर अंधारातही संच लावता येतो. डिजिटल संचात स्टेशन साठवता येते, एकदा कुणी 103.4 एका बटणावर बसवून दिले की शोधायला नको; पण सेल बदलताना ही आठवण पुसली जाते का, हे दुकानातच सेल काढून पाहावे. सर्वांत त्रासदायक ते ‘स्कॅन’वाले चिमुकले संच. एक बटण पुढच्या स्टेशनावर नेते, दुसरे थेट सुरुवातीला. हवे ते स्टेशन हुकले की पुन्हा पहिल्यापासून.

ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, विजेरी, रंगीत दिवे ही भरती ज्या संचात असते त्यात रेडिओचा भाग सहसा सर्वांत स्वस्तातला असतो. हजारो जुनी गाणी भरून मिळणारे संच वेगळे. ती गाण्यांची पेटी आहे, तिच्यात एफएमही आहे इतकेच. गाणीच हवी असतील तर ती घ्यावी.

नवी पेठेतल्या किंवा कोणत्याही दुकानात संच पाहताना सेल घालूनच लावायला सांगावे, वायरवर नव्हे. दांडी मिटवून 103.4 लावावे, मिटलेल्या दांडीवरही स्वच्छ आला तर घरी प्रश्न येणार नाही. आवाज एकदम कमी करून पाहावा, कारण स्वस्त संच रात्रीच्या हळू आवाजात फाटतात. मग सेलच्या खणाचे झाकण उघडून पाहावे. झाकणाची जीभ पातळ प्लॅस्टिकची असेल तर ती पहिल्या वर्षातच तुटते आणि पुढे तो संच रबरबँडवर जगतो. नावाजलेल्या कंपनीचा साधा दोन बँडचा संच दीड ते तीन हजारांच्या आसपास पडतो. बिल आणि वॉरंटीचा कागद घ्यावा.

सांभाळायचे फारसे काही नसते. महिनाभर घर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत; सोलापूरच्या उन्हाळ्यात संपत आलेल्या सेलला पाणी सुटते आणि स्प्रिंगा गंजतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. स्प्रिंग हिरवी-पांढरी झालीच तर पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसावी.

घरात जुना ट्रान्झिस्टर असतो आणि तो दुरुस्त करावा असे मनात येते. भारतात एफएमची सुरुवात 1977 मध्ये मद्रासला झाली आणि गावोगावी ते पोचायला पुढे बरीच वर्षे लागली, त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक संचांवर एमडब्ल्यू आणि एसडब्ल्यू एवढेच असते. अशा संचाची दोरी बदलली, स्पीकर बदलला, कारागीर हुशार मिळाला, तरी 103.4 त्याच्यावर लागणार नाही. पट्टीवर 88 ते 108 हे आकडे असतील तरच दुरुस्तीला पैसे घालावेत.

कळावे.

मामा