फारोखचं नाव आणि सन सिटीचा स्टेज

पुण्यात शिकायला गेलो तेव्हा घरमालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?" मी आडनाव गिळलं, नुसतं नाव आणि 'सोलापूर' एवढंच सांगितलं. खोली मिळाली. पण बाबासाहेबांचा फोटो वर्षभर बॅगेतच राहिला. त्याच वर्षी रूममेटच्या मोबाईलवर 'क्वीन' हा ब्रिटिश रॉक बँड ऐकला. त्याच्या गायकाचं खरं नाव कळलं तेव्हा मी चकित झालो.

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बुलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. तिथेच मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड काढला. १९६४ च्या झांझिबार क्रांतीत घर सोडून कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे त्याने विमानतळावर सामान उचललं, चित्रकला-डिझाईन शिकला आणि १९७० मध्ये ब्रायन मे, रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन उभा केला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने बँड जगभर पोचला. पाचगणीबद्दल मात्र फ्रेडी फारसा बोलत नसे.

त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. नाव लपवणाऱ्याच्या आधी नाव विचारणाऱ्याला जाब विचारला पाहिजे.

माझा जाब वेगळ्या गोष्टीचा आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या छायेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले. तेव्हा मंडेला तुरुंगात होते आणि संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्काराची हाक दिली होती. बहिष्कार मोडणाऱ्यांच्या यादीत क्वीनचं नाव गेलं, ब्रिटनच्या संगीतकार युनियनने दंड केला. बँडचं म्हणणं काय? आम्ही राजकारण करत नाही, संगीत वाजवतो.

मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना? 'कलेत जात आणू नका' असं आपल्यालाही ऐकवलं जातं. पण अन्यायाच्या स्टेजवर चढून तटस्थ राहता येत नाही. तो स्टेजच एका बाजूचा असतो. आणि बाजू घेतल्याने कला लहान होत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी गायले तशी भीमगीतंही गायले. त्यांचा आवाज कुठे कमी पडला?

१९८५ मध्ये 'लाइव्ह एड'च्या मंचावर क्वीनने वेम्बली जिंकलं आणि जग सन सिटी विसरलं. १९९१ मध्ये एड्सने फ्रेडी गेला. २००३ मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर केपटाऊनमध्ये मंडेलांच्या एड्सविरोधी मोहिमेसाठी वाजवत होते. आता त्यांनीही एक बाजू घेतली होती. तिथे त्यांचं संगीत काही उणं झालं नाही.

म्हणून क्वीन जरूर ऐका. गिटार शिका, बँड काढा. पण कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की आधी विचारा, हा स्टेज कुणाचा आहे?

आता कुणी पूर्ण नाव विचारलं तर मी आडनावासकट सांगतो. फोटो भिंतीवर आहे आणि त्याच खोलीत फ्रेडीही गातो.

जय भीम!