सिल्लारीच्या अंधारातला घोडा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले, की पवनीवरून सिल्लारीला फाटा जातो. पेंचच्या जंगलाचे हे एक दार. लोक येथे वाघासाठी येतात. आम्ही डिसेंबरात गेलो ते अंधारासाठी! जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे केली. दिवे काढले नाहीत, हे बरे केले. रात्री गोठ्यात जाणाऱ्याला उजेड हवाच. तो आभाळात सांडायला नको, इतकेच.

मृग आपल्या सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे उगवताना उभ्या ओळीत दिसतात. त्यांतल्या सर्वांत खालच्या ताऱ्यावर बरोबरच्या मुलांनी दुर्बीण रोखून कॅमेरा जोडला. पाच-पाच मिनिटांचे कितीतरी फोटो घेतले आणि संगणकावर एकावर एक बसवले. तांबूस धुक्यात एक काळी खाच उमटली, घोड्याच्या मानेसारखी.

पण ती आभाळातली, की काचेवरच्या धुळीची? पारख सोपी आहे. दुर्बीण जराशी सरकवून पुन्हा फोटो घ्यायचा. धूळ असेल तर डाग चौकटीत जागच्या जागी राहतो. आभाळातला असेल तर ताऱ्यांबरोबर सरकतो. बाणाचा तारा ठळक, म्हणून काचेत त्याचे प्रतिबिंब पडून खोटे ढगही दिसतात. तारा चौकटीत हलवला, की त्यांचे त्याच्यापासूनचे अंतर बदलते आणि सोंग उघडे पडते. धूमकेतू किंवा लघुग्रह असेल, तर दुसऱ्या रात्री तो तिथे सापडत नाही. या चाळणीतून जे उरेल, ते नकाशाशी आणि जुन्या फोटोंशी ताडायचे. ताऱ्यांच्या ठेवणीवरून संगणक आभाळाचा नेमका तुकडा शोधून देतो. डागाचा निवाडा मात्र डोळ्यांनीच करावा लागतो.

आमची खाच खरी निघाली. तो धुळीचा दाट ढग. सुमारे १,३०० ते १,५०० प्रकाशवर्षे दूर. मागचा उजेड अडवतो म्हणून काळा दिसतो.

१८८८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या काचेवरच्या फोटोत ही खाच प्रथम ओळखली विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी. मूळच्या स्कॉटलंडच्या. नवऱ्याने सोडल्यावर वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या आणि तेथून वेधशाळेत आल्या. १८९५ साली ड्रायर यांची यादी छापली, तेव्हा श्रेय पिकरिंगांच्या नावावर लागले, बाईंचे नाव गळले. घरकाम करणाऱ्या हातांचे नाव गळणे आपल्याकडेही नवे नाही म्हणा!

मध्यरात्रीपर्यंत मृग दक्षिणेला, चांगला वर आला. फोटोची खालची कड मात्र पिवळट येऊ लागली. त्या बाजूला नागपूर आहे.