ऊबदार फॅशनचा माणदेशी फंडा

रिसायकल्ड फॅशन म्हटलं की आपल्याला मॉलमधली पॅचवर्कची बॅग आठवते, आणि तिच्यावरचा तो प्राइस टॅग! पण हा फंडा एकदम ओरिजिनल बघायचा असेल तर शनिवारी सकाळी साताऱ्याची गाडी पकडा. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले करत म्हसवड आणि तिथून दिघंचीमार्गे सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. जिल्हे दोन, पण मुलूख एकच : माणदेश. पाऊस कमी, त्यामुळे काटकसर रक्तातच. इथे जुन्या कपड्यांची वाकळ होते. आपण शहरात तिला गोधडी म्हणतो.

मी पोचले तेव्हा एका अंगणात तिघीजणी वाकळीभोवती बसल्या होत्या. टेक्निक ऐकायला सोपं. खाली जुनी सुती साडी नाहीतर लुगडं अंथरायचं, त्यावर उसवलेली धोतरं, सदरे, परकर सपाट पसरायचे, वर आणखी एक साडी, आणि मग कडेपासून आत धावदोऱ्याच्या ओळीच ओळी. ना स्केच, ना फ्रेम. सुरकुती तेवढी पडू द्यायची नाही. करून बघा म्हणजे कळेल! चार-पाच थरांतून सुई काढता काढता माझी बोटं दहा मिनिटांत भरून आली.

मी पुण्याहून नको असलेल्या कपड्यांची पिशवी नेली होती. तिथल्या आज्जींनी ती तपासली, अगदी क्वालिटी कंट्रोल! दोन सुती कुर्ते ठेवले, बाकी सगळं परत.

"ह्यो कपडा घाम पीत न्हाई, पोरी. आन् सुईखाली सरकतुया."

पॉलिएस्टर, दुसरं काय! सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं, म्हणून तर तान्ह्या बाळाला जुन्या साडीची दुपटी. आपली कपाटं भरगच्च, पण वाकळीच्या लायकीचं त्यात कितीसं?

घरच्या वाकळीची मजुरी मात्र कधी कुणी मोजली नाही. आणि बाईच्या कष्टाचा हिशेब मांडणारी बँक तर याच म्हसवडची! चेतना सिन्हांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी लायसन्सचा अर्ज नाकारला गेला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा जाऊन लायसन्स घेऊन आल्या. सही ना?

जपानमध्ये अशाच ठिगळांच्या 'बोरो' कपड्यांना आज म्युझियममध्ये जागा आहे. आपली वाकळ अजून ट्रंकेच्या तळाशी.

तेव्हा मंडळी, जाताना आई-आजीच्या जुन्या सुती साड्या घेऊन जा, वाकळ शिवून घ्या, आणि सांगतील ती मजुरी द्या. मॉलमधल्या प्राइस टॅगशी आपण कधी घासाघीस करतो का?