श्री लिहिण्यापुरता उजेड

दौंडच्या बाजारपेठेत कीबोर्ड विकणारा पोरगा मालाची परीक्षा कशी करून दाखवतो, ते बघण्यासारखं असतं. कळांना तो हातही लावत नाही. वायर काउंटरवरच्या कॉम्प्युटरला खोचतो, दुकानातली ट्यूब मालवतो आणि म्हणतो, "बघा काका, कसला दिसतोय!" दिसतो खरा. डावीकडे तांबडा, मधे हिरवा, उजवीकडे निळा. किंमत 750 रुपये. त्याच कंपनीचा, तसाच, पण बिनउजेडाचा 400 ला. म्हणजे उजेडाचे साडेतीनशे. मी घेतला तो उजेडाचाच, आणि तेव्हापासून त्या साडेतीनशेचा हिशेब डोक्यात चालू आहे.

रंगांचं आधी सांगतो, कारण रेल्वेच्या गावात तांबड्या-हिरव्याला अर्थ असतो. 1878 मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा सुरू झाला, तेव्हापासून हे जंक्शन रंगांच्या भरवशावर चाललंय. जुन्या सिग्नल केबिनमध्ये खटक्यांची रांग असायची: सिग्नलचा खटका तांबडा, सांध्याचा काळा. केबिनमनला नंबर वाचावा लागत नसे, रंगावरून हात बरोबर जाई. माझ्या कीबोर्डच्या रंगांना असलं काही काम नाही. खालच्या पारदर्शक पट्टीत ठरावीक जागी ठरावीक रंगाचे बारके दिवे बसवलेत, ते आहेत तिथे तसेच जळतात. शिफ्ट तांबडी का आणि एंटर निळी का, याला उत्तर नाही. चालू-बंद करायला स्क्रोल लॉकची कळ दिलीय, हे मात्र मला आवडलं. कित्येक वर्षं बिनकामाची बसून असलेली ती कळ शेवटी कामाला लागली.

आता अक्षरं. कळ असते दुधाळ प्लास्टिकची. तिच्यावर काळा रंग मारतात आणि लेझरने अक्षरापुरता रंग जाळून काढतात. जिथे रंग नाही तिथून उजेड वर येतो. आणि ही कोरलेली अक्षरं सगळी इंग्रजी. मी लिहितो मराठी, इन्स्क्रिप्टने. ही मांडणी 1991 च्या भारतीय मानकात आहे, आणि तिची रचना माझ्या मते फार शहाणपणाची आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि शिफ्ट दाबली की क चा ख, त चा थ, द चा ध. डाव्या हाताचं मधलं बोट जिथे स्वस्थ बसतं, तिथेच अक्षराचा पाय मोडायची कळ. मराठीत पाय इतक्यांदा मोडावे लागतात की दुसरी जागा त्या कळेला शोभलीच नसती.

अंधारात गावाचं नाव टाइप करून बघा. उजव्या हाताची अनामिका वर, डाव्या हाताची करंगळी वर, डावी अनामिका खाली, उजवी करंगळी वर. पडद्यावर उमटतं दौंड. खाली ज्या कळा दबल्या त्यांच्यावर झळकत असतात ओ, क्यू, एक्स आणि एक चौकटी कंस. म्हणजे माझ्या बोटांखाली जे उजळलंय त्याचा मी लिहितोय त्याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि अडतही नाही. एफ आणि जे च्या कळांवर जे दोन उंचवटे असतात, तिथे तर्जन्या टेकल्या की बाकीचा हात आपोआप लागतो. ते उंचवटे फुकटचे आहेत, चारशेच्या कीबोर्डवरही असतात.

मग उजेड लागतो कुठे? आकड्यांच्या ओळीवर. हात मधल्या ओळीवरून तिथवर जाताना अंदाज सुटतो. इन्स्क्रिप्टने आपली मोठी माणसं तिथे वर नेऊन बसवलीत: शिफ्टसकट पाचावर ज्ञ, सहावर त्र, सातावर क्ष, आठावर श्र. पाय मोडून क आणि ष जोडता येतात, नाही असं नाही, पण एकदा सवय लागली की आयत्या कळेचा मोह सुटत नाही. त्यामुळे तहसीलदारांना अर्ज लिहायचा तर पहिल्याच शब्दाला, श्री लिहिताना, मान खाली जाते. क्षेत्र लिहिताना सात आणि सहा. ज्ञानेश्वरांसाठी पाच. सातबाऱ्यावरचे गट नंबर, तारखा, रकमा हे तर सगळं त्याच ओळीवरचं. उरलेल्या साऱ्या कीबोर्डने रात्रभर जळत राहावं आणि कामाला यावी वरची एक ओळ, असा हा सौदा आहे.

पुतणी भरतीच्या तयारीत आहे. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठीचा वेग मिनिटाला 30 शब्द मागतात. तिची बोटं अजून बसायची आहेत, म्हणून तिने मराठी अक्षरांचे स्टिकर आणून कळांवर चिकटवले. स्टिकर काळे आणि जाड. संध्याकाळी दिवे लावले तर एकही अक्षर उजळेना, फक्त कळांच्या फटींतून तांबडं-निळं झिरपत होतं. "काका, आता मराठी दिसत नाही अंधारात आणि इंग्रजी दिसत नाही कधीच," ती म्हणाली. तिने नखाने स्टिकर काढले, पण चिकटा राहिला. त्यावर धूळ बसून तीन-चार कळा आता बोटाला खरखरीत लागतात आणि मला त्या न बघता ओळखू येतात. हा फायदा दुकानदाराने सांगितला नव्हता.

पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याला लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि त्याच बॅटरीतून हा कीबोर्ड दिवाळी साजरी करतो. घरात दुसरा उजेड नसला की पंखवाल्या मुंग्या थेट कळांवर उतरतात. पंख गळतात आणि फटींत जाऊन बसतात. एक पंख स्पेसबारखाली अडकला तेव्हा प्रत्येक शब्दानंतर बारीक चर्र आवाज येत होता. कळ उचकटून काढली तेव्हा आतला कारभार दिसला: रबराचा छोटा घुमट, त्याखाली प्लास्टिकचे पापुद्रे, वरच्या-खालच्या पापुद्र्यांवर विजेच्या रेघा, मधल्याला भोकं. बोट घुमट दाबतं, रेघा भोकातून एकमेकींना टेकतात, अक्षर उमटतं. इतकंच. चारशेच्या कीबोर्डात याहून वेगळं काही नसतं, आणि लिहिण्याचं सगळं सुख-दुःख त्या रबराच्या हाती. ते चांगलं असेल तर कळ बोटाला परत ढकलते. दुकानात ट्यूब मालवण्याऐवजी हेच बघायला हवं: कडेच्या कळा, शिफ्ट, एंटर, स्पेसबारची दोन्ही टोकं दाबून. टोकाला दाबल्यावर स्पेसबार तिरपा होऊन अडकला, तर रंग कितीही असोत, खाली ठेवावा.

झिजण्याची तऱ्हाही निराळी. साध्या कीबोर्डवर अक्षर छापलेलं असतं, ते पुसट होत जातं. इथे घामाने आणि नखाने जातो तो भोवतीचा काळा रंग. माझ्या कीबोर्डवर सर्वांत आधी गेली ती कान्याची कळ. तिच्यावरच्या इंग्रजी ई च्या कडा फुटल्या, आडव्या रेघा एकमेकींत मिसळल्या आणि आता तिथे नुसता चकचकीत डाग आहे. बघण्यापुरती ती साऱ्या कीबोर्डातली सर्वांत उजळ कळ झालीय, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही.

पुढच्या खेपेला मी चारशेचाच घेणार आहे. उरलेल्या साडेतीनशेत चिमट्याचा एक दिवा येतो, तो पडद्याच्या कडेला लावून आकड्यांच्या ओळीवर वळवला की झालं. पुतणीला हा हिशेब पटलाय. "तुम्ही चारशेचा घ्या," ती म्हणाली, "हा मला द्या."