भुईआवळी

मृगाचा पाऊस पडून गेला, की आमच्या निपाणीकडच्या शेतात बांधाच्या कडेला वीतभर उंचीचे एक रोपटे उगवते. पाने चिंचेसारखी बारीक आणि त्यांच्या पाठीमागे मोहरीएवढ्या हिरव्या फळांची रांग. आपण तिला भुईआवळी म्हणतो. शेजारच्या शेतातील कन्नड बाया तिलाच नेलनेल्ली म्हणतात. 'नेल' म्हणजे भुई, 'नेल्ली' म्हणजे आवळा! सीमेवरून कितीही वाद झडोत, या तणाच्या नावाबाबत दोन्ही भाषांचे एकमत आहे.

औषधही एकच. कावीळ झाली, की भुईआवळी मुळासकट उपटायची, धुऊन वाटायची आणि अनशापोटी ताकातून घ्यायची. मी चौथीत असताना मला कावीळ झाली, तेव्हा आजीने सात दिवस हा पाला पाजला. ती कडू चव अजून जिभेवर आहे. महिन्याभरात मी बरा झालो आणि आजीची कीर्ती गल्लीभर झाली. दूषित पाण्यातून होणारी ती कावीळ लहान मुलांत बहुधा आपली आपणच उतरते, हे मला फार उशिरा समजले. मग श्रेय कोणाच्या खाती जमा करायचे, हा हिशेब मज वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही जुळलेला नाही.

माझे थोरले चुलते, तात्या, यांनाही हाच पाला दिला होता. त्यांचे डोळे निवळले, भूक लागली, घर निश्चिंत झाले. रक्त तपासावे असे कोणाच्या मनातही आले नाही. सहा वर्षांनी त्यांचे पोट फुगू लागले. बेळगावला नेल्यावर कळले, की 'ब' प्रकारची जुनी कावीळ अंगात मुरली होती आणि आता यकृताचा कर्करोग झाला होता. चार महिन्यांत तात्या गेले.

"माझ्या पाल्यानं तुझी कावीळ गेली, मग थोरल्याची का न्हाई रं गेली?" आजीने मला विचारले. घरात शिकणारा मी एकटा.

म्हणून वाचू लागलो. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी 'ब' काविळीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळी दिल्याचा वृत्तांत 'लॅन्सेट' या विलायती नियतकालिकात आला होता. ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातील विषाणूची खूण नाहीशी झाली; गुण नसलेली, नुसती औषधासारखी दिसणारी पूड घेतलेल्या २३ जणांत ती एकाचीच गेली. हा विषाणू शोधून १९७६ चे नोबेल मिळवणारे ब्लुमबर्ग यांनीही या रोपट्यात लक्ष घातले होते. वाचून मी उडालोच! पण पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमध्ये प्रयोग झाले, तेव्हा तसा गुण आला नाही. केरळात त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात यकृताचा कर्करोग झालेले उंदीर भुईआवळीच्या अर्काने अधिक दिवस जगले. पण उंदीर म्हणजे तात्या नव्हेत. आपल्या बेळगावात नेहरूनगरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था २००६ पासून आहे आणि पारंपरिक औषधांचे संशोधन हेच तिचे काम आहे. हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मला नव्हते.

तात्यांच्या मागे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरातील सर्वांचे रक्त तपासले. माझ्यात काही निघाले नाही. मी लशीच्या तीन सुया घेतल्या. बाबांच्या रक्तात मात्र विषाणू निघाला. आता ते रोज एक गोळी घेतात आणि दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून येतात. पाला बंद आहे, कारण गोळीबरोबर काय चालते ते डॉक्टरांना विचारल्यावाचून द्यायचे नाही असे ठरले आहे. आजीला ते अपमानासारखे लागले.

रक्त आजीचेही तपासले होते. तिच्यातही तो आहे. तिला त्रास काही नाही. हा विषाणू पुष्कळदा बाळंतपणाच्या वेळीच आईकडून लेकराला जातो, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ आहे, पण ते मी तिला दिलेले नाही. "प्रकार वेगळा होता, आजी," एवढेच सांगितले.

यंदाही मृग बरसला. बांधावर भुईआवळी आली आहे. आजी ती उपटून आणते आणि सोप्यात सावलीला वाळत घालते. काल बाबांची गोळी हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली, हुंगली आणि मला विचारले, "ही कसल्या पाल्याची रं?"