दुधाची गाठ

मराठीत 'गाठ' हा शब्द फार मोकळेपणाने वावरतो. जन्मगाठ, पदराची गाठ, गाठीला बांधलेले पैसे, मनात बसलेली गाठ. गाठ पडणे म्हणजे भेटणे आणि गाठ सुटणे म्हणजे मोकळे होणे. परंतु हाच शब्द स्त्रीने स्वतःच्या छातीविषयी उच्चारायची वेळ आली की तो अडखळतो. चाळिशीच्या आतील स्त्रियांच्या स्तनकर्करोगासंबंधी जे बोलले जाते, त्यातला बराचसा प्रश्न या अडखळण्यात आहे, असे आम्हांला वाटते. म्हणूनच तो केवळ वैद्यकाचा नाही, भाषा शिकवणाऱ्यांचाही आहे.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातले, पूर्णेकाठचे केदारखेडा हे आमच्या एका मावसबहिणीचे सासर. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, धाकटा मुलगा अंगावर पीत असताना, तिच्या हाताला एक गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. पुढे सासूबाईंच्या कानावर घातले तेही 'काखेत अवघडल्यावानी होतंय' एवढेच. 'दुधाची गाठ आसंल, शेक मंग,' असे उत्तर आले. नंतर ज्या दवाखान्यात तिला नेले तिथेही काखेचेच सांगितले गेले. हात न लावता तेच निदान झाले आणि गोळ्या मिळाल्या. मूल अंगावरून तुटले तरी गाठ राहिली, तेव्हा कुठे शंका आली. तोवर आठ महिने गेले होते. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, आणि तीन वर्षांनी ती गेली. आधी कळले असते तर ती खात्रीने वाचली असती, असे आम्ही म्हणणार नाही. तरुण वयातला हा आजार पुष्कळदा अधिक आक्रमक असतो. मात्र ते आठ महिने तिच्या वाट्याचे होते आणि ते एका शब्दाच्या आड गेले, एवढे म्हणता येते.

'दुधाची गाठ' हा शब्दप्रयोग खोटा नाही. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा दूध साकळल्यानेच होते. तरुण स्त्रियांच्या स्तनातील बहुसंख्य गाठी फायब्रोॲडेनोमासारख्या निरुपद्रवी असतात, हेही खरे. अडचण अशी, की हा प्रयोग वर्णन म्हणून येतो आणि निकाल म्हणून स्थिरावतो. एकदा तो उच्चारला की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. खरे तर जी गाठ दोनेक आठवड्यांत जात नाही तिची सोनोग्राफी करावी, आणि गरज वाटल्यास सुई टोचून तुकडा तपासावा. अंगावरचे दूध यांपैकी कशाच्याही आड येत नाही.

शब्दांचा हा संकोच आपल्या परंपरेतूनच आला आहे, असे म्हणावे तर परंपरा वेगळेच सांगते. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९३८ साली इटलीतल्या पोम्पेई येथे एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अलंकारांखेरीज तिच्या अंगावर जवळजवळ काही नाही. भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' ज्या प्रतिष्ठानशी जोडली जाते ते पैठणही याच मुलखातले. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या गाथा स्तनांविषयी बोलताना मुळीच लाजत नाहीत. संस्कृत काव्यातला 'पयोधर' आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो, त्यातला श्लेष फोडून दाखवतो. पण हे सारे शब्द बहुधा पाहणाऱ्याचे आहेत. ज्या शरीराचे ते वर्णन करतात, त्या शरीराच्या मालकिणीने आपल्या हाताला काय लागले हे सांगायचे, तर तिच्या उपयोगाचा त्यांत एकही नाही. बोलीत शब्द आहेत, पण ते दबक्या आवाजातले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा 'बोंड' हा शब्द चावडीवर दिवसभर गाजत होता. तोच शब्द स्तनाग्रासाठी वापरून 'बोंड आत ओढलं गेलंय' असे डॉक्टरांना सांगणे मात्र आमच्या बहिणीला जमले नसते.

यावर 'सर्वांची तपासणी करा' हे उत्तर सोपे वाटते. ते तरुण स्त्रियांच्या बाबतीत पुरेसे नाही. दाट ऊतींमुळे त्यांच्या मॅमोग्राफीत गाठ नीट दिसत नाही. अमेरिकेतील २०२४ च्या शिफारशीतही सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांसाठी ती चाळिशीपासूनच सुरू होते. आपल्याकडे २०१६ च्या केंद्रीय आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीने हाताने स्तनतपासणी करावी, असे ठरले. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर याच पद्धतीची चाचणी केली. तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणीमुळे आजार आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट दिसली नाही. दर महिन्याला स्वतः पद्धतशीर चाचपणी करण्याचा उपदेशही शांघायमधील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या चाचणीत (२००२) मृत्यू कमी करू शकला नाही. निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. आई, बहीण यांना कमी वयात हा आजार झाला असेल, तर गोष्ट वेगळी. अशा स्त्रियांनी जनुकीय तपासणी आणि एमआरआयविषयी विशेषज्ञांशी लवकर बोलावे.

मग बाकीच्या तरुण स्त्रियांसाठी उरते काय? उरते ते बोलणे. आणि बोलणे ही लहान गोष्ट नव्हे, याचा दाखला बार्शीने दिला आहे. १९८७ साली तिथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आजार वेगळा, पण संकोच तोच. आणि तो बोलण्याने सैलावला.

आज आशाताई तिशीपुढील बाईचा जो अर्ज भरतात त्यात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, आकारातला बदल असे प्रश्न आहेत. प्रश्न छापलेले आहेत. ते ओसरीवर पुरुष बसलेले असताना कोणत्या शब्दांत आणि कोणत्या आवाजात विचारले जातात, यावर उत्तर अवलंबून राहते. तिशीच्या आतल्या मुलीला तर ते कोणी विचारतही नाही. ती आमच्या वर्गात बसलेली असते.

'पयोधर' शिकवताना वर्गात जी खसखस पिकते, ती आवरून पुढच्या ओळीकडे जाण्याची आपली रीत आहे. तिथेच पाच मिनिटे थांबता येईल. न दुखणारी गाठही दाखवायची असते. काखेतली गाठ, खळगा पडलेली किंवा संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, हेही सांगायचे असते. आणि डॉक्टरांनी हात न लावता गोळ्या दिल्या तर 'तपासून पाहा' असे म्हणायचे असते. हे मुलांनीही ऐकावे, कारण उद्या दवाखान्यात नेणारे तेच असतील. 'माझ्या स्तनात गाठ आहे' हे मराठीतले एक साधे, चार शब्दांचे, व्याकरणशुद्ध वाक्य आहे. 'माझं पोट दुखतंय' इतक्याच सहजतेने ते उच्चारता येणे, हाही भाषेच्या शिक्षणाचाच भाग आहे.